पहिल्या खेपेचे गिऱ्हाईक

बाजारात नव्याने आलेली वस्तू लगेच घ्यावी की थोडे थांबावे, हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ हिशेबाचा आहे. खिसा भरलेला असेल तर घ्यावी, नसेल तर दुकानाच्या काचेतून पाहून पुढे जावे. त्यासाठी त्रैमासिकाची पाने खर्ची घालण्याचे कारण नाही. परंतु काही वस्तू अशा असतात की त्यांचा नेमका उपयोग काय, हे त्या करणाऱ्यालाही अजून पुरते उमगलेले नसते. तो त्या आपल्या हाती देतो आणि आपण त्यांचे काय करतो हे पाहत बसतो. 'आभासी वास्तव' या भारदस्त नावाने ओळखला जाणारा, पट्ट्याने डोक्याला बांधून डोळ्यांवर बसवावयाचा जो चष्मा गेली दहा-बारा वर्षे घरोघरी शिरण्याची खटपट करीत आहे, तो या जातीचा आहे. त्याच्या पहिल्या पिढीचे हेडसेट विकत घेण्याजोगे होते काय, आणि त्यांच्या अनुभवावरून आज दारात येणाऱ्या नव्या हेडसेटांविषयी काय ठरवावे, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत. प्रश्न खेळण्याचा आहे असे समजून कोणी पान उलटू नये. त्यात बोनसचे पैसे गुंतलेले आहेत, मुलांचे डोळे गुंतलेले आहेत, आणि घरात कोण कोणाजवळ बसते हेही गुंतलेले आहे.

हा विचार करताना आमच्या नजरेपुढे पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळवडे ते थेट चाकणपर्यंत पसरलेला कारखान्यांचा पट्टा आहे. नगर जिल्ह्यातून, वसईहून, गोव्याहून, मंगळूर-केरळकडून पोटासाठी येथे येऊन स्थिरावलेली आपली कुटुंबे यंत्रांच्या सहवासात वाढली आहेत. नव्या वस्तूला भिणारी ही माणसे नव्हेत. उलट, नवी वस्तू कशी जन्मते हे त्यांनी आतून पाहिले आहे. एखाद्या सुट्या भागाचा पहिला लॉट लाइनवर लागतो तेव्हा काय होते, हे भोसरीतील कोणताही फिटर सांगेल. मापे सरकतात, लाल डबा रिजेक्शनने भरतो, निम्मा माल रिवर्कला जातो, आणि सुपरवायझर घरी उशिरा पोहोचतो. पहिल्या लॉटमध्ये दोष असणे ही लाजेची गोष्ट नव्हेच. तो दोष गिऱ्हाइकाच्या हाती जाऊ नये एवढीच काळजी घ्यावयाची असते. म्हणून तर मोटार रस्त्यावर येण्यापूर्वी तिची कसून परीक्षा होते. पुण्यात १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था याच कामासाठी आहे. ब्रेक लागतात की नाही, हे शोधून काढण्याचे काम गाडी घेणाऱ्यावर सोपविलेले नाही.

हेडसेटच्या बाबतीत मात्र नेमके तेच झाले, आणि गिऱ्हाइकाने ते आनंदाने पत्करले.

थोडा मागचा इतिहास पाहू. दोन डोळ्यांना किंचित वेगळी अशी दोन चित्रे दाखविली की मन त्यांचे एक खोलीदार चित्र करते, हे इंग्लंडच्या चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये दाखवून दिले. छायाचित्रणाची कला जगापुढे आली ती त्यानंतर एका वर्षाने. व्हीटस्टन यांचा प्रयोग हाताने काढलेल्या रेघांवरच झाला होता. पुढे याच तत्त्वावर १९३९ मध्ये व्ह्यू-मास्टर आला. पुठ्ठ्याच्या चकतीवर चित्रांच्या सात जोड्या, बाजूला एक दांडी. दांडी दाबली की पुढचे चित्र. आज पन्नाशी-साठी ओलांडलेल्या अनेकांच्या बालपणी कोणा आगबोटीवरच्या मामाने तो आणलेला असेल. आणि ज्यांचे मामा आगबोटीवर नव्हते, त्यांच्यासाठी जत्रेतला बायस्कोपवाला होता. पेटीला डोळा लावावयाचा, आत ताजमहाल पाहावयाचा, पैसे देऊन बाजूला व्हावयाचे. त्या पेटीविषयी पुढे आणखी बोलावयाचे आहे.

मान वळविली की चित्रही वळावे, ही करामत नंतरची. अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये केलेले यंत्र इतके अवजड होते की ते छताला टांगावे लागे. १९९५ मध्ये निन्टेन्डो या जपानी कंपनीने 'व्हर्च्युअल बॉय' नावाचे यंत्र घरगुती गिऱ्हाइकांसाठी काढले. त्यात लाल आणि काळा असे दोनच रंग होते, आणि ते टेबलावरच्या स्टँडवर ठेवून त्यात वाकून पाहावे लागे. पुढच्याच वर्षी ते बंद पडले. ज्यांनी ते घेतले होते त्यांच्याकडे एक लाल पेटी उरली.

आता आपल्या काळातील पहिल्या पिढीकडे येऊ. ऑगस्ट २०१२ मध्ये ऑक्युलस नावाच्या एका नवख्या अमेरिकन कंपनीने 'रिफ्ट' हा हेडसेट करण्यासाठी लोकांकडून आगाऊ पैसे मागितले. साडेनऊ हजारांच्या आसपास माणसांनी मिळून सुमारे २४ लाख डॉलर दिले. त्यांना समभाग मिळाले नव्हते. मिळणार होता तो प्रयोगावस्थेतील एक चष्मा, आणि आपण आरंभापासून सोबत होतो याचे समाधान. मार्च २०१४ मध्ये फेसबुकने ती कंपनी सुमारे २०० कोटी डॉलरना घेण्याचे जाहीर केले. पैसे देणाऱ्यांपैकी अनेकांना राग आला. आम्ही आमच्या विश्वासावर हे रोपटे लावले आणि फळे दुसऱ्याने विकली, असे त्यांना वाटले. कायद्याने पाहिले तर त्यांचे काहीच येणे नव्हते. आणि २०१६ मध्ये कंपनीने त्या पहिल्या आश्रयदात्यांना तयार रिफ्ट फुकट दिला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरी त्यांच्या रागात काही तथ्य होते असे आम्हांला वाटते. देणगी आणि खरेदी यांच्या मधली जी एक जागा असते, तेथे माणूस पैशाबरोबर मनही देतो. त्या मनाची पावती फाडण्याची सोय कोठेच नाही.

२८ मार्च २०१६ रोजी रिफ्ट सर्वसामान्य गिऱ्हाइकाकडे जाऊ लागला. किंमत ५९९ डॉलर. त्या वेळच्या भावाने चाळीस हजार रुपये. तो चालविण्यासाठी लागणारा जबर संगणक वेगळा, त्याचे आणखी हजारभर डॉलर. हातांत धरावयाची नियंत्रणे डिसेंबर २०१६ मध्ये आली, ती १९९ डॉलरना. म्हणजे ज्याने दोन्ही वस्तू पहिल्या दिवशी घेतल्या त्याने ७९८ डॉलर मोजले. २०१७ साल संपण्यापूर्वी याच दोन्ही वस्तू मिळून ३९९ डॉलरना मिळू लागल्या. निम्मी किंमत गेली ती वस्तू झिजली म्हणून नव्हे. 'पहिला' असण्याचे मोल तेवढे होते. पुढे २०१९ मध्ये ते मॉडेल बंद झाले. किंमत नेहमी उतरतेच असाही नियम नाही, हे जाता जाता नोंदवू. याच कंपनीचा 'क्वेस्ट २' हा हेडसेट २०२० मध्ये २९९ डॉलरना आला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये १०० डॉलरनी महागला.

आपल्याकडे एवढा मोठा चेंडू फारसा कोणी अंगावर घेतला नाही. आपल्याकडे ही लाट आली ती मोबाइल फोनच्या पाठीवर बसून. गूगलने जून २०१४ मध्ये 'कार्डबोर्ड' दाखविला. पुठ्ठ्याची घडीची पेटी, दोन भिंगे, त्यात आपलाच फोन सरकवावयाचा. नकाशा सर्वांना खुला. शाळकरी मुलगाही कात्रीने करील. सॅमसंगचा 'गिअर व्हीआर' भारतात २०१६ च्या आरंभी ८,२०० रुपयांना आला. मात्र तो त्याच कंपनीच्या मोजक्या महागड्या फोनांनाच चाले. त्याच महिन्यात लेनोवोने १२ हजारांच्या आतल्या आपल्या फोनबरोबर पाचशे रुपये अधिक घेऊन हेडसेट देऊ केला. अगदी अलीकडे, २०२३ च्या क्रिकेटच्या हंगामात, जिओने 'जिओडाइव्ह' नावाचा तसाच फोन बसवावयाचा चष्मा १,२९९ रुपयांना आणला. या सर्वांचे गोत्र एकच. यात मान वळविता येते, पण पाऊल पुढे टाकले तरी चित्र जागचे हलत नाही. पडद्याचे ठिपके भिंगातून मोठे होऊन डासांच्या जाळीतून पाहिल्यासारखे दिसते. फोन तापतो. आणि मळमळते.

मळमळण्याचे कारण आपल्या वाचकांना सहज कळण्यासारखे आहे. एस.टी. घाट चढू लागली की खिडकीपासून दूर बसलेल्या बाईंना का उलटी होते? कानाच्या आतले तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते की आपण वळत आहोत. डोळ्यांना मात्र समोरच्या बाकाची पाठ स्थिर दिसते. हेडसेटमध्ये याच्या उलट होते. डोळे सांगतात की आपण धावत आहोत, आणि कान सांगतो की आपण निगडीच्या घरात खुर्चीवर बसलो आहोत. दोन साक्षीदारांची जबानी जुळत नाही आणि पोट त्याचा निकाल देते. नंतरच्या यंत्रांनी चित्राचा वेग वाढवून, पाऊल ओळखून, हा झगडा पुष्कळ कमी केला. पुरता मिटविलेला नाही. लहान मुलांचा प्रश्न वेगळा. ऑक्युलसने आरंभी तेरा वर्षांखालील मुलांनी हा वापरू नये असे सांगितले होते. २०२३ मध्ये त्याच घराण्याने, आता मेटा या नावाने, ती मर्यादा पालकांच्या देखरेखीखाली दहावर आणली. मधल्या काळात मुलांचे डोळे बदलले असतील असे आम्हांला वाटत नाही.

इतके कळल्यावर व्यवहारी माणूस म्हणेल, मग विषय संपला. पहिली पिढी घेण्याजोगी नव्हती. आम्हांलाही बहुतांशी तसेच वाटते. परंतु विषय तेथे संपत नाही, हे एका घरी आमच्या ध्यानात आले.

आमच्या परिचयातील एक गृहस्थ चाकणच्या एका कारखान्यात तीन पाळ्यांत काम करतात. त्यांचा मुलगा अकरावीत असताना दिवाळीच्या बोनसच्या वेळी त्याने असा हेडसेट मागितला. वडिलांची तयारी होती. पोराने कधी काही मागितले नाही, शाळेत चांगला आहे, आणि पुढे याच क्षेत्रात नोकऱ्या आहेत म्हणतात, असा त्यांचा युक्तिवाद. घरातील बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तुम्ही घरी असता तेव्हा झोपलेले असता. आता हा घरी असेल तेव्हा डोळे बांधून बसणार. मग मी बोलायचं कुणाशी?"

या वाक्याला किमतीचे कोष्टक उत्तर देऊ शकत नाही. आणि येथूनच तो प्रश्न नीतीच्या प्रांतात शिरतो.

रॉबर्ट नोझिक या अमेरिकन तत्त्वज्ञांनी १९७४ मध्ये एक कल्पित यंत्र पुढे मांडले होते. त्या यंत्राला जोडून घेतले की हवा तो अनुभव मिळेल. आपण थोर ग्रंथ लिहिला, मैत्री जोडली, असेच आपल्याला वाटेल. प्रत्यक्षात आपण एका टाकीत पडलेले असू. जन्मभर अशा यंत्राला जोडून घ्याल का, असा त्यांचा सवाल होता, आणि बहुतेक माणसे नकार देतील असे त्यांचे म्हणणे. कारण आपल्याला केल्याची जाणीव पुरत नाही, करावयाचे असते. हा दृष्टान्त हेडसेटच्या विरोधात पुष्कळदा वापरला जातो. आम्हांला मात्र तो पहिल्या पिढीला लागू पडतो असे वाटत नाही. त्या चष्म्यात कोणी हरवूच शकत नव्हते. पाव किलोहून अधिक ओझे नाकावर, मानेमागे वायर, डोळ्यांपुढे जाळी, आणि दहा मिनिटांत ओकारी. ते यंत्र आपण खोटे आहोत हे क्षणभरही विसरू देत नसे. त्याचा दोष हाच त्याचा प्रामाणिकपणा होता. नोझिक यांच्या प्रश्नाची धार वाढते ती यंत्र सुधारेल तशी. म्हणजे गंमत अशी की घेण्याजोगे नव्हते ते यंत्र आत्म्याला निरुपद्रवी होते, आणि जे दिवसेंदिवस घेण्याजोगे होत चालले आहे त्याचा विचार अधिक गंभीरपणे करणे भाग आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ॲपलने काढलेल्या ३,४९९ डॉलरच्या चष्म्यात बाहेरच्या माणसाला आतल्याचे डोळे दिसावेत म्हणून पुढच्या काचेवर त्या डोळ्यांचे चित्र उमटविण्याची सोय आहे. समोरच्याला डोळे लागतात, हे त्या कंपनीलाही पटलेले दिसते!

या धंद्यातील लोक आपण काय विकतो हे सांगताना एक शब्द नेहमी वापरतात: उपस्थिती. तुम्ही तेथे असल्यासारखे वाटेल. आमच्या पट्ट्यात या शब्दाला एक सख्खा भाऊ आहे, तो म्हणजे हजेरी. कार्ड पंच झाले की हजेरी लागते. मन गावाकडे असले तरी लागते. तिसरा शब्द सान्निध्य. त्यासाठी दोघे लागतात. हेडसेट माणसाची हजेरी जेरुसलेमला, समुद्राच्या तळाला, चंद्रावर लावू शकतो. सान्निध्य मात्र तो देऊ शकत नाही, कारण पलीकडे कोणी नाही; आणि असलेच, तर त्याचेही डोळे बांधलेले आहेत.

याला एक वजनदार आक्षेप आहे. २०१५ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्क टाइम्सने आपल्या वर्गणीदारांना दहा लाखांहून अधिक पुठ्ठ्याचे चष्मे घरपोच दिले आणि त्यांतून निर्वासित मुलांवरचा एक चित्रपट दाखविला. दक्षिण सुदान, सीरिया आणि युक्रेन येथून बेघर झालेली तीन मुले. हे यंत्र करुणा निर्माण करील, असा त्या काळी मोठा बोलबाला होता. आम्ही ही गोष्ट हसण्यावारी नेणार नाही. दुरून ऐकलेले दुःख आणि भोवताली उभे राहिलेले दुःख यांत फरक पडतोच. तरीही एक शंका राहते. त्या मुलाच्या छावणीत आपण उभे असतो, पण त्याला आपण दिसत नाही. तो आपल्याकडे काही मागू शकत नाही. पिंपरीच्या झोपडपट्टीतून जाताना वाटेत उभे असलेले पोर आपल्याकडे पाहते, आणि त्या पाहण्याने आपली जी अडचण होते, तीच करुणेची सुरुवात असावी. चष्म्यात ती अडचण नाही. दहा मिनिटांनी पट्टा सोडता येतो.

आपल्या धर्मग्रामांतील वाचकांच्या मनात येथे आणखी एक प्रश्न येईल, तो टाळण्यात अर्थ नाही. उद्या या चष्म्यातून मिस्सा दिसू लागली तर? हे उत्तर चष्मे बाजारात येण्याच्या कितीतरी आधी देऊन झाले आहे. २२ फेब्रुवारी २००२ रोजी परमधर्मपीठाच्या सामाजिक संपर्कमाध्यमांच्या परिषदेने इंटरनेटविषयी जे पत्रक काढले, त्यात आभासी वास्तवाचा नावानिशी उल्लेख आहे. पवित्र मिस्साबलीतील ख्रिस्ताची खरीखुरी उपस्थिती आणि हाडामांसाच्या माणसांचा उपासक मेळा यांची जागा आभासी वास्तव घेऊ शकत नाही, आणि इंटरनेटवर संस्कार नाहीत, अशी त्याची भूमिका आहे. २०२० च्या टाळेबंदीत आपण सर्वांनी फोनवर मिस्सा पाहिली. त्याच एप्रिलात पोप फ्रान्सिस यांनी ही बोगद्यातून बाहेर पडण्याची वाट आहे, बोगद्यात राहण्याची नव्हे, अशा अर्थाचा इशारा दिला होता. यावर आम्ही भर घालण्याचे कारण नाही.

परंतु प्रार्थनेत चित्राला स्थान नाही, असा याचा अर्थ कोणी काढू नये. संत इग्नाती आपल्या अध्यात्मसाधनेत साधकाला नाझरेथहून बेथलेहेमला जाणारा रस्ता कल्पनेच्या डोळ्यांनी पाहावयास सांगतात. तो किती लांब, किती रुंद, सपाटीचा की डोंगरदऱ्यांतला. संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये ग्रेच्चो येथे गव्हाणीचा देखावा मांडला, आणि आजही डिसेंबरात आपल्या घरोघरी गवत-माती-पुठ्ठ्याचा गोठा उभा राहतो. मग तयार चित्र दाखविणाऱ्या चष्म्यानेच काय घोडे मारले? आमच्या मते भेद चित्राचा नाही, हातांचा आहे. गोठा करताना मुले गवतासाठी नदीकाठी जातात, डोंगर कोणत्या रंगाचा यावर भांडतात, डिंकाने हात बरबटून घेतात. इग्नातींचा साधक रस्ता स्वतःच बांधतो. चष्म्यातला रस्ता बांधून मिळतो, आणि तो कोणी बांधला, आपल्याला कोठे वळू दिले नाही, हे कळावयास मार्ग नसतो.

आता खरेदीचाच एक वेगळा पैलू पाहू. तो आम्हांला सर्वांत जास्त खुपतो. विकत घेणे म्हणजे काय? आमच्या पट्ट्याला याचे उत्तर चेतकने दिले आहे. १९७२ मध्ये आलेली ही बजाजची स्कूटर मिळण्यासाठी त्या काळी लोकांनी वर्षानुवर्षे नंबर लावून वाट पाहिली. पण एकदा दारात आली की ती आपली झाली. ती तिरकी करून सुरू करावी लागे, हे सर्वांना ठाऊक. आणि तरी बापाची स्कूटर मुलाने कॉलेजात चालविली, कारण भाग मिळत आणि कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला तिचे पोट उघडता येई. २००९ च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले, म्हणून काही रस्त्यावरची चेतक जागच्या जागी उभी राहिली नाही. (त्याच आकुर्डीत २०२२ पासून विजेवर चालणारी चेतक तयार होऊ लागली, ही वेगळी कथा.)

आता हे पाहा. २०१७ च्या ऑक्टोबरात एसर, डेल, एचपी, लेनोवो अशा नामवंत कंपन्यांनी मायक्रोसॉफ्टच्या 'विंडोज मिक्स्ड रिॲलिटी' या पद्धतीवर चालणारे हेडसेट बाजारात आणले. डिसेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही पद्धत मोडीत काढीत असल्याचे सांगितले, आणि २०२४ च्या विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीतून ती काढून टाकली. संगणक अद्ययावत केला की हेडसेट मुका. भिंगे शाबूत, पट्टा शाबूत, पडदा शाबूत. कोणीतरी दूरवरून चावी काढून घेतली. त्यापूर्वी २०२० च्या ऑक्टोबरपासून ऑक्युलसच्या नव्या हेडसेटांना फेसबुकचे खाते सक्तीचे झाले होते. ओरड झाल्यावर २०२२ मध्ये ती अट मेटाच्या वेगळ्या खात्यावर आली. वस्तूचे दाम पूर्ण घ्यावयाचे, आणि तिचा ताबा मात्र आपल्याकडे ठेवावयाचा, या व्यवहाराला आपल्या भाषेत भाडे म्हणतात. भाडे असण्यात पाप नाही. त्याला विक्री म्हणण्यात आहे.

मग कोणीच पहिल्याने घेऊ नये काय? येथे आमचे मन दोन्हीकडे ओढले जाते. पहिल्या खेपेला गिऱ्हाईक न मिळाले तर दुसरी खेप निघतच नाही, हे कारखान्यातल्या माणसाला सांगावयास नको. ज्यांनी ते जड, धूसर, मळमळविणारे चष्मे घेतले त्यांच्या पैशावरच पुढचे बरे चष्मे झाले. आज वेल्डिंग आणि रंगकाम शिकविणाऱ्या हेडसेटांचे काम ठाण्यातील अजनालेन्ससारखी आपल्या महाराष्ट्रातील कंपनी करते. शिकाऊ मुलाने खऱ्या ठिणग्यांपुढे जाण्याआधी हात बसवून घ्यावा, पत्रा आणि रंग वाया जाऊ नये, हा उपयोग आम्हांला निःसंशय चांगला वाटतो. पण तेथे चष्मा कारखाना किंवा संस्था घेते, बिघडला तर तीच सोसते, आणि शिकणारा तासाभराने तो काढून खऱ्या टॉर्चकडे जातो. बोनसमधून घेतलेल्या चष्म्याचा धोका कोणी वाटून घेत नाही. ज्याच्यापाशी पैसा सांडतो आहे त्याने हौसेने पहिली खेप घ्यावी. ती एक प्रकारची देणगीच आहे, आणि ती देणगी समजून द्यावी. ज्याच्या घरी बोनस म्हणजे मुलीच्या फीचा दुसरा हप्ता असतो, त्याला जगाच्या प्रयोगशाळेचा खर्च उचलण्याचे बंधन नाही.

त्या चाकणच्या कुटुंबाने अखेर हेडसेट घेतला नाही. एका रविवारी तिघे एका मॉलमध्ये गेले, तिकीट काढून मुलाने तो बांधला, आणि मग त्याने बळेच वडिलांना बांधायला लावला. समुद्राचा देखावा होता. अंगावर आलेला मासा चुकविण्यासाठी वडिलांनी मान खाली घातली तेव्हा बाई इतक्या हसल्या की आजूबाजूचे लोक वळून पाहू लागले. नवल ही वाईट गोष्ट नव्हे. त्यासाठी पैसे मोजणेही वाईट नव्हे. जत्रेतल्या बायस्कोपपुढे आपले आजोबा हेच करीत होते. मात्र पेटी बायस्कोपवाल्याच्या खांद्यावर राहत असे आणि तिची दुरुस्ती तोच करीत असे. त्या पेटीच्या व्यवहारात आजच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे असे आम्हांला वाटते.

म्हणून घरासाठी महागडा हेडसेट घेण्याच्या विरुद्ध आमचे मत आहे, आणि ज्याला निव्वळ कुतूहल आहे त्याने फोन बसविण्याचा साधा पुठ्ठ्याचा डबा करून पाहावा असे आम्ही म्हणू. एका ठिकाणी मात्र आम्ही होकार देऊ. आपल्या वस्त्यांत अंथरुणाला खिळलेली वृद्ध माणसे आहेत, ज्यांना वांद्र्याच्या डोंगरावर वा जुन्या गोव्याला पुन्हा जाणे या जन्मी शक्य नाही. धर्मग्रामाच्या एखाद्या मंडळाने मिळून एक चांगला हेडसेट घेतला, आणि तो घरोघरी फिरविला, तर तो खर्च आम्ही वायफळ म्हणणार नाही. घेताना पहिल्या खेपेचा घेऊ नये, दुसरी-तिसरी सुधारणा होऊ द्यावी. गालांना टेकणारा फोम प्रत्येक वेळी पुसावा, किंवा त्यावर धुण्याजोगे आवरण घालावे. २०२१ मध्ये क्वेस्ट २ चे फोम कातडीला चुणचुणतात म्हणून एकट्या अमेरिकेत सुमारे ४० लाख परत मागवावे लागले होते. एका वेळी दहा मिनिटांहून अधिक नको. आजींना खुर्चीत नीट टेकवून बसवावे, उभे करू नये. आणि चष्मा डोळ्यांवर असेपर्यंत शेजारी कोणीतरी बसलेले असावे. पहिल्यांदा बांधणारे माणूस हात पुढे करून चाचपडते, तेव्हा त्या हाताला कोणाचा तरी हात लागावा.